चहाचं शॉर्टब्रेड: वास घरभर, चव गायब, दाताखाली कचकच

खारघरची_खारूताई

चहाच्या स्वादाचं शॉर्टब्रेड (मैदा-बटर-साखरेची खुसखुशीत कुकी) घरी नीट जमवायचंय. सध्याचं प्रमाण असं: मैदा १५० ग्रॅम, नेहमीचं पिवळं खारं बटर १०० ग्रॅम, मिक्सरमधून काढलेली साखर ५० ग्रॅम, रोजच्या चहाची पावडर दोन चमचे, व्हॅनिला अर्धा चमचा. २८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन), १८० अंश, १५ मिनिटं.

तक्रारी तीन आहेत. भाजताना घरभर चहाचा सुगंध सुटतो, पण कुकी तोंडात टाकली की नुसतं बटर आणि व्हॅनिला, मागून कडवट. दुसरं, पावडर वाळूसारखी दाताखाली येते. तिसरं, चकत्या पसरून एकमेकींना चिकटतात, कडा करपतात आणि मधे कच्च्या राहतात.

पावडर वाढवू, की चहा पाण्यात उकळून तो अर्क पिठात घालू?

अर्धा_कटिंग

अर्क अजिबात नको. पाणी आत शिरलं की शॉर्टब्रेडची पोळी होते.

लोणकढी

घरभर पसरलेला वास म्हणजे कुकीतून निघून गेलेला वास. आत किती उरला ते बघायचं.

चहाचा रंग, तुरटपणा, कडवटपणा हे सगळं पाण्यात उतरतं. सुगंधी तेलं मात्र तुपा-लोण्यात जास्त चांगली विरघळतात. शॉर्टब्रेडमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, जे काही असतं ते बटरमधलं, साधारण १६ टक्के. त्यामुळे कोरडी पावडर पिठात टाकली की सुगंध दाण्यातच अडकून बसतो आणि चावल्यावर लाळेत आधी उतरतो तो तुरटपणा. तुमची पहिली तक्रार तीच आहे. पावडर वाढवलीत तर कडवटपणा वाढेल, चहा वाढणार नाही.

चहा आधी बटरमध्ये मुरवा. १२० ग्रॅम बटर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वितळवा. तडतडायला लागलं तर जास्त झालं, हलकी वाफ दिसली की गॅस बंद. त्यात ८ ग्रॅम चहा घालून झाकण ठेवा, २० मिनिटं हात लावू नका. गरम आहे तोवरच बारीक गाळणीतून गाळा आणि चोथा चमच्याने दाबून घ्या. मग वजन करा. चोथा बरंच बटर पिऊन बसलेला असतो. १०० ग्रॅमला जितकं कमी पडेल तितकं साधं बटर घाला, जास्त असेल तर काढून ठेवा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं प्रमाण अंदाजपंचे.

आता ते वाडगं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा. न ढवळता फ्रीजमध्ये टाकलं तर वर तुपाचा थर आणि खाली ताकासारखं पाणी असे दोन भाग होतात, आणि ते पाणी नंतर पिठाला एकाच जागी लागतं. आटलेल्या बासुंदीपासून चक्क्याच्या घट्टपणापर्यंत आलं की थांबा.

नौपाडाकर

लोणकढी, पद्धत बरोबर आहे, पण रोजच्या बिस्किटांसाठी हा फार मोठा घाट. दोन टी बॅग फोडा, काम झालं. एका बॅगेत २ ग्रॅमच्या आसपास बारीक चूर असतो, तो दळायचीही गरज नाही. साखरेत घालून बोटांनी दोन मिनिटं चोळा, मग त्यात मऊ बटर घाला. गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की बटर आपोआप वास ओढून घेतं. वितळवणं, गाळणं, वजन, परात, काही नाही.

लोणकढी

अर्ल ग्रेची बॅग असेल तर पूर्ण मान्य. त्याचा वास मुळात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा, ते तेल पानावर वरून चढवलेलं असतं, बटर दिसलं की लगेच उतरतं. साध्या काळ्या चहाच्या बॅगेत ती सोय नाही. तिथे रात्रभर ठेवूनही रंगाचे ठिपके दिसतात आणि चव बेताची येते.

सानपाडा_स्लो

'लोणकढी' नावाच्या आयडीवर विश्वास ठेवून १२० ग्रॅम बटर वितळवायचं म्हणजे धाडसच.

लोणकढी

थाप नाही, तूप समजा.

ममरी_किलोभर

कचकचीबद्दल. आपली रोजची पावडर म्हणजे सीटीसी. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या वळलेल्या असतात. हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आलं. दूध-साखर घालून खळाखळा उकळलं तरी रंग आणि कडकपणा टिकतो, म्हणून आपल्याकडे हीच चालते. ती गोळी उघडायला उकळतं पाणी लागतं. शॉर्टब्रेडच्या पिठात तिला ते कुठे मिळणार? जशी गेली तशीच बाहेर येते.

सीटीसीच वापरायची असेल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात तीन चमचे साखरेबरोबर फिरवा, सलग नाही, दहा-दहा सेकंद थांबत. साखरेचे दाणे पावडरीला घासतात, नुसती पावडर भांड्याच्या कडेने गोल फिरत बसते. मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. पुऱ्या १५० ग्रॅम पिठाला अशी चाळलेली पूड २ ग्रॅम, जास्तीत जास्त ३. तुमचे दोन चमचे म्हणजे सपाट भरले तरी ५ ग्रॅमच्या पुढे. वर उरलेली भरड संध्याकाळच्या चहात टाका.

त्यापेक्षा टी डेपोत जाऊन ममरी किंवा डस्ट (सीटीसीची दाणेदार आणि भुकटी रूपं) न मागता ऑर्थोडॉक्स, म्हणजे लांब वळलेल्या पानाची, १०० ग्रॅम मागा. आसामची असली तर माल्टसारखा जाड स्वाद, निलगिरीची असली तर जरा फुलासारखा. बटरमध्ये मुरवायला आसामची उत्तम. दार्जिलिंगला २००४ साली देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मान राखून ते कपातच प्या. ओव्हनमध्ये त्याचा नाजूक वास टिकत नाही, पैसे तेवढे जातात.

कोपरी_पूर्व

माचा (हिरव्या चहाची बारीक पूड) चालेल का?

ममरी_किलोभर

चालेल, ५ ग्रॅम, पण १५० अंशाच्या वर नेऊ नका. नाहीतर हिरव्याचा शेवाळी होतो.

घोडबंदर_गारवा

तिसरी तक्रार, पसरण्याची. १८० अंश हे केकचं तापमान. शॉर्टब्रेड १६०ला, १६ ते १८ मिनिटं. पण पसरायचं मूळ ओव्हनच्या आधी आहे.

बटर नको इतकं मऊ. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाचं बटर' असं असतं ते थंड मुलखातल्या खोलीचं, १८ ते २० अंशांचं. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर ३२ला असतं आणि बटर जवळजवळ त्याच तापमानाला वितळायला लागतं. फ्रीजमधून काढा, तुकडे करा, दहा मिनिटं पुरे. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण पृष्ठभाग चकाकू नये. चकाकलं की परत आत.

मग फेटणं. साखर-बटर लाकडी चमच्याने एखादं मिनिट, एकजीव होईपर्यंतच. बीटर लावून पांढरं, हलकं करायचं ते केकसाठी. इथे आत हवा भरली की भाजताना ती फुगते, पसरते आणि बसते.

पीठ घातल्यावर मळायचं नाही, दाबायचं. मुटका वळताना धरतो तेवढा जोर. रोल करा, ४ सेंटिमीटर व्यासाचा, या प्रमाणात लांबी साधारण २० सेंटिमीटर येते. बटर पेपरमध्ये गुंडाळून ४५ मिनिटं फ्रीजमध्ये. खालून चपटा होतो म्हणून दर पंधरा मिनिटांनी कूस बदला, किंवा उभ्या स्टीलच्या पेल्यात ठेवा. ८ मिलिमीटरच्या चकत्या, २४-२५ निघतात. कापताना कडा तुटत असतील तर रोल फार गार आहे, पाच मिनिटं थांबा. सुरी चिकटत असेल तर परत फ्रीज. प्रत्येक चकतीवर काट्याने दोनदा टोचा, वाफ तिथून जाते, नाहीतर मधे फुगवटा येतो.

कापून झाल्यावर ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. उन्हाळ्यात ही शेवटची पायरी टाळू नका.

बेलापूर_किल्ला

गारवा, एक भर. साखर घरी वाटलेली आहे असं खारूताई म्हणतात. घरच्या साखरेत जाडसर कण राहतात, ते भाजताना वितळून पाक होतो आणि कुकी पसरवतो. वाटल्यावर चाळून घ्या. आणि मैद्यातला २० ग्रॅम काढून तांदळाचं पीठ घाला. तांदळात ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे खुसखुशीतपणा रवाळ येतो आणि आकारही धरून राहतो. ३० ग्रॅमच्या वर गेलात तर कुकी हसेल.

कोपरी_पूर्व

हसेल म्हणजे?

बेलापूर_किल्ला

अनारसा तुपात हसतो तशी. ट्रेवर नुसता चुरा.

कपबशी

शॉर्टब्रेड म्हणजे मोहन भरपूर घातलेली शंकरपाळी, तळायच्याऐवजी भाजलेली. एवढं लक्षात ठेवलं की निम्म्या चुका कळतात. 'शॉर्ट' हा शब्दच खुसखुशीत या अर्थाचा. चरबी पिठाच्या कणांना वेढते, पाणी लागू देत नाही, मग ग्लुटेनचे धागे लांब होत नाहीत. स्कॉटलंडचं मूळ प्रमाण वजनाने साखर एक, बटर दोन, पीठ तीन. खारूताईंचं प्रमाण मुळात तेच आहे, बिघडलंय ते बाकीचं.

सानपाडा_स्लो

म्हणजे नानकटाईत चहा घातला की झालं ना? एवढा स्कॉटलंडचा प्रवास कशाला?

कपबशी

भावंडं आहेत, जुळी नाहीत. नानकटाईत तूप, थोडं बेसन किंवा रवा, आणि सोडा किंवा बेकिंग पावडर. तिला फुलायचं असतं, वर तडा जायला हवा. शॉर्टब्रेडमध्ये फुलवणारं काहीच नाही, जाड, सपाट, फिक्या रंगाचं. नानकटाईत चहा घालून बघायचा तर बेसन वगळा. भाजलेल्या बेसनाचा वास इतका दांडगा असतो की चहा त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. सोडाही नको, क्षारामुळे चहा काळपट होतो.

तुपाचं शॉर्टब्रेड मात्र करता येतं. १०० ग्रॅम बटरऐवजी ८२ ग्रॅम तूप आणि दोन चमचे थंड दूध. कणीदार तूप घ्या, पातळ नको. चहा मुरवायला तूप सगळ्यात सोपं, ना दोन थर होतात, ना करपायची भीती. पण साजूक तुपाचा स्वतःचा वास असतो, तिथे हलका चहा हरतो. आसामचाच घ्या.

दिघा_लोकल

मिठाचं कोणी बोललं नाही. पिवळ्या बटरच्या पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा की मीठ. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ २ ग्रॅम. या प्रमाणाला १ ग्रॅम पुरतं. त्याच्या वर गेलं की चहाचा कडवटपणा आणि खारटपणा एकत्र येऊन औषधी चव लागते. मीठविरहित बटर घ्या, किंवा निम्मं-निम्मं.

घरचं पांढरं लोणी घ्यायचं असेल तर आधी बर्फाच्या पाण्यात दोनदा धुवा, मग चाळणीवर पंचात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. त्यात पाणी किती आहे याचा भरवसा नसतो. आणि आंबट विरजणाचं लोणी चहाबरोबर जात नाही.

अर्धा_कटिंग

हे सगळं ठीक, पण मला बर्गमॉट-बिर्गमॉट नको. मला टपरीवरच्या कटिंगची चव हवी. आलं किसून घातलं तर?

नौपाडाकर

ओलं आलं नको, तेच पाण्याचं रडगाणं. सुंठ पाव चमचा, वेलदोडे दोन. पण खरं सांगू का, शॉर्टब्रेडमध्ये टपरीचा चहा येत नाही. टपरीची चव म्हणजे उकळलेलं दूध. ते कुकीत कुठून आणणार?

लोणकढी

दूध पावडरीतून. १५ ग्रॅम दूध पावडर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत ढवळत, खव्यासारखा बदामी रंग येईपर्यंत. तीन-चार मिनिटं लागतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ती एकदम पळते, म्हणून रंग बदलायला लागल्याबरोबर दुसऱ्या ताटात ओता. कढईत राहिली तर तिथेच काळी पडते. गार झाल्यावर चाळा, तितकाच मैदा कमी करा. आटलेल्या दुधाचा वास, मुरवलेलं बटर आणि २ ग्रॅम चाळलेली सीटीसी. या एका प्रकाराला सीटीसीचा तुरटपणा हवाच, तो नसेल तर पेढा होतो. दूध पावडरीमुळे रंग लवकर चढतो, १५५ अंश ठेवा.

नौपाडाकर

हे पटलं. टपरी नाही, पण टपरीच्या समोरच्या फुटपाथपर्यंत पोचतंय.

अर्धा_कटिंग

तेवढ्यावर भागवतो. वेलदोडे जांभळी नाक्यावरून की वाशीच्या मसाला मार्केटमधून?

दिघा_लोकल

दोन वेलदोड्यांसाठी?

सुगरण_नाही_मी

गवती चहाचं कोणी केलंय का? कुंडीत भरपूर आहे.

बेलापूर_किल्ला

उत्तम होतं, आणि काळ्या चहापेक्षा सोपं, कारण त्यात तुरटपणाच नाही. पात्या धुऊन पंख्याखाली पूर्ण कोरड्या करा, पाण्याचा थेंब नको. खालचा पांढरा जाड दांडा घ्या, वास तिथे आणि पातीच्या खालच्या निम्म्यात जास्त, वरची टोकं नुसतं गवत. कडा ब्लेडसारख्या असतात, उलट्या दिशेने हात फिरवू नका. कात्रीने एक-एक सेंटिमीटरचे तुकडे, दांडा बत्त्याने ठेचून, १२० ग्रॅम बटरला १५ ग्रॅम. काळ्या चहासारखंच मुरवा, पण अर्धा तास. गाळून वजन. वाटून थेट पिठात घालू नका, धागे दातात अडकतात.

व्हॅनिला बंद करा, सगळ्याच चहांना. ती फक्त स्वतःबद्दल बोलते. अर्ल ग्रे नसेल तर ईडलिंबाची हिरवी साल किसून साखरेत चोळा. पांढऱ्या भागापर्यंत किसणी नेऊ नका, कडू. बर्गमॉट नव्हे, पण घराणं तेच.

कपबशी

महत्त्वाचा प्रश्न राहिला. चहात बुडवलं तर टिकतं का?

घोडबंदर_गारवा

नाही. ग्लुटेनचं जाळं नाही, धरून ठेवायला कोणी नाही. बुडवलं की एक सेकंद, दुसऱ्या सेकंदाला तळ. बुडवण्यासाठीच करायचं असेल तर तांदळाचं पीठ वगळा, दोन चमचे दूध घाला, गोळा थोडा मळा आणि पाच मिनिटं जास्त भाजा. मग ते टिकेल, पण त्याला शॉर्टब्रेड म्हणू नका, बेकरीतलं बिस्किट म्हणा.

सानपाडा_स्लो

चहाचं बिस्किट चहात बुडवून चहाला काय मिळणार आहे?

वाशी_सेक्टर_सतरा

ओटीजी नसलेल्यांसाठी.

जाड बुडाची कढई, तळाला एक सेंटिमीटर जाड मीठ, वर स्टँड, झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटली ठेवून मंद आच, २५ ते २८ मिनिटं. खालून रंग लवकर येतो, वरून येतच नाही, म्हणून ताटलीखाली दुसरी ताटली उलटी ठेवा. वरचा रंग बघून थांबलात तर खालून कोळसा. एक कुकी उलटून बघा, तळ फिका बदामी झाला की काढा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, १५० ठेवा, बुटका स्टँड. एअर फ्रायरला १५०, ११-१२ मिनिटं. बटर पेपरवर कुकीज मांडूनच आत ठेवा. रिकामा कागद आधी ठेवला तर तो उडून वरच्या कॉइलला लागतो.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा हा अंदाज समजा. दहा-वीस अंशांची चूक सर्रास असते. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या. दोन्ही रॉड सुरू, मधला खाचा, पंधरा मिनिटं आधी तापवा. काळा ट्रे असेल तर खालून जास्त भाजेल. प्लग १६ अँपिअरचाच, मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका.

कोपरी_पूर्व

मुलांना दिलं तर झोप उडेल का?

ममरी_किलोभर

कोरड्या चहात कॅफिन साधारण २ ते ४ टक्के. ४ ग्रॅम पूड पूर्ण २५ कुकीजमध्ये म्हणजे सगळ्या मिळून ८० ते १६० मिलिग्रॅम, एकीला ३ ते ६. मुरवून गाळलेल्या पद्धतीत आणखी कमी, कारण कॅफिनही पाण्यातच जास्त उतरतं. गवती चहात शून्य. झोप उडाली तर साखरेला विचारा.

दिघा_लोकल

पावसाळ्याचं कोणीतरी लिहा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापडसुद्धा मान टाकतात.

घोडबंदर_गारवा

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात नाही. ट्रेवर दहा मिनिटं, गरम असताना उचललं तर मोडतं, मग जाळीवर पाऊण तास. त्याहून जास्त उघडं ठेवू नका, खाडीकडच्या हवेत तासाभरात कडक कुकी लोळते. रोजच्या स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं. रबरी रिंगची काचेची बरणी घ्या, तळाला दोन चमचे कोरडे भाजलेले तांदूळ पुरचुंडीत. मऊ पडल्या तर १४० अंशांना पाच मिनिटं, पुन्हा गार करून आत.

वास दुसऱ्या दिवशी सगळ्यात चांगला लागतो, पहिल्या दिवशी नुसतं बटर पुढे असतं. आठवड्याने उतरायला लागतो. कच्चा रोल फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो, लागतील तेवढ्या चकत्या कापा. मात्र दुहेरी गुंडाळा. चरबी शेजाऱ्याचा वास ओढते.

सानपाडा_स्लो

आमच्या फ्रीजरमध्ये सुके बोंबील आहेत.

घोडबंदर_गारवा

तिहेरी गुंडाळा.

खारघरची_खारूताई

सगळ्यांचे आभार. दोन घाण्या काढल्या, दोन्हींत मीठविरहित बटर १०० ग्रॅम (मुरवून, गाळून, वजन करून), चाळलेली पिठीसाखर ५०, मैदा १३०, तांदळाचं पीठ २०, मीठ १ ग्रॅम, व्हॅनिला नाही. ट्रे दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, मग १६० अंश, १७ मिनिटं.

पहिली: आसाम ऑर्थोडॉक्स ८ ग्रॅम मुरवून, शिवाय १ ग्रॅम वाटून-चाळून. चोथ्याने १३ ग्रॅम बटर खाल्लं होतं, वजन केलं म्हणून कळलं. दुसरी: सीटीसी ८ ग्रॅम मुरवून, २ ग्रॅम चाळून, वर १५ ग्रॅम भाजलेली दूध पावडर, तेवढा मैदा कमी.

पसरल्या नाहीत. कचकच नाही. पहिलीत चहा आधी नाकात येतो, मग जिभेवर, कडवट अजिबात नाही. दुसरी पहिल्या दिवशी पेढ्यासारखी लागली, दुसऱ्या दिवशी चहा वर आला. तीत १६० जास्त झालं, कडा तपकिरी.

एकच उरलं: ट्रेच्या मागच्या रांगेतल्या चार-पाच कुकीज दोन्ही वेळा जास्त भाजल्या. वेळ कमी करू?

वाशी_सेक्टर_सतरा

वेळ तीच ठेवा. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, मागची बाजू पुढे. लहान ओटीजीत मागची भिंत तापते आणि दाराच्या काचेतून उष्णता जाते. ट्रे भिंतीला टेकत असेल तर दोन बोटं पुढे ओढा. दुसऱ्या घाणीला १५५ विसरू नका.

लोणकढी

आणि तो १३ ग्रॅम बटर प्यालेला चोथा फेकू नका. कपभर पाण्यात उकळून गाळा, फ्रीजमध्ये ठेवा. वर जमलेलं बटर उचलून पोळीला लावा.

अर्धा_कटिंग

आणि खालचा चहा?

लोणकढी

कडू जहर. झाडालाही नको.